परशुरामाचा बाण आणि खाजणाचा बांध

"परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण निर्माण केले, आणि आता विज्ञानानेही ते मान्य केले आहे." अशा आशयाचा निरोप तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आला असेलच. सोबत उपग्रहातून घेतलेले किनाऱ्याचे एखादे चित्र आणि खाली अभिमानाने पुढे पाठवण्याची विनंती. गटात त्यावर दोनच प्रकारची उत्तरे येतात. एक गट हात जोडून मोकळा होतो. दुसरा गट 'भाकडकथा' म्हणून मोकळा होतो. परदेशातल्या आपल्या मंडळांच्या गटांत तर हा वाद दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, परशुराम जयंतीला, नेमाने होतो.

माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही गट एकाच जागी चुकतात. दोघेही कथेला विचारतात, "ही जमीन कशी तयार झाली?" एकाला उत्तर पटते, दुसऱ्याला पटत नाही. पण ज्यांनी ही कथा रचली, सांगितली आणि पुढच्या पिढीला दिली त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. इथे कोण आले, कोण कुठे बसले, आणि जमीन कोणाची मानायची, हा तो प्रश्न. पहिला प्रश्न भूगर्भशास्त्राचा आहे, दुसरा मानवी भूगोलाचा. माणसे कुठे राहतात, तिथेच का राहतात, कोणत्या वाटांनी जातात-येतात, जागेला नाव आणि अर्थ कसा देतात, याचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल. पुराणकथा भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत बहुधा नापास होतात. मानवी भूगोलाच्या परीक्षेत मात्र त्या फार बोलक्या साक्षीदार ठरतात, फक्त त्यांची उलटतपासणी घ्यावी लागते.

कोकणापासूनच सुरुवात करू.

समुद्र मागे गेला की पुढे आला?

कोकणाचा पाया बव्हंशी काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातला हा पाषाण. दक्षिण कोकणात आणि गोव्यात याहूनही जुने खडक आहेत. त्यांच्या माथ्यावर जो तांबडा जांभा दिसतो तो लाखो वर्षांच्या पावसाने आणि उन्हाने खडक कुजून तयार झाला. घराच्या भिंतीतला जांभ्याचा चिरा हातात घेतला तर त्याची भोके आणि तांबूस रंग हीच गोष्ट सांगतात. ही सगळी जमीन माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

मग समुद्र? शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगातले प्रचंड पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. बर्फ वितळला तसा समुद्र वर चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीपाशी स्थिरावला. मुंबईत एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीखाली गाडले गेलेले एक जंगलच सापडले होते, खैराच्या झाडांचे बुंधे तसेच्या तसे उभे. म्हणजे माणसाच्या आठवणीत काही शिल्लक राहायचेच असते, तर ते समुद्र पुढे आल्याचे राहायला हवे होते. कथा सांगते नेमके उलटे.

पातळी स्थिरावल्यावरही समुद्र थोडा वरखाली होत राहिला, हे खरे आहे. किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपले घट्ट होऊन बनलेला खडक आजच्या भरतीरेषेच्या वर आढळतो. पण हा सगळा हिशेब मोजक्या मीटरांचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंतची पट्टी त्यातून बाहेर येत नाही. भूगर्भशास्त्राच्या बाजूने हा विषय इथे संपतो. मानवी भूगोलाच्या बाजूने तो इथून सुरू होतो.

कथा कोणत्या वाटेने गेली

महाभारतातल्या शांतिपर्वात परशुरामाची जी गोष्ट येते, ती आपल्या ओळखीच्या गोष्टीपेक्षा जरा वेगळी आहे. त्याने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली. दान घेतल्यावर कश्यपाने त्यालाच सांगितले, की आता तू माझ्या भूमीवर राहू नकोस, दक्षिणेला समुद्राकडे जा. तिथे समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक नावाचा प्रदेश निर्माण केला. म्हणजे नायकापुढची अडचण काय, तर राहायला जागा नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने कधीतरी व्हिसाच्या रांगेत उभे राहून हा प्रश्न अनुभवला आहे.

शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारे. आज तिथे लोकलचे स्टेशन आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत त्याचे नाव आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आणि एक बौद्ध स्तूप तिथे सापडला आहे. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर मागे पडले. कथेतले पहिले ठिकाण कुठले तरी दुर्गम शिखर नाही. ते जगाशी व्यापार करणारे, बाहेरून माणसे येणारे गाव आहे, हे लक्षात ठेवा.

नंतरच्या कथा दक्षिणेकडे सरकतात. चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचे क्षेत्र होते. गोव्यात तो सह्याद्रीवरून बाण सोडतो आणि तो बाणावलीला पडतो. केरळात बाणाऐवजी परशू येतो, आणि त्याच्या फेकीने गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंतची भूमी वर येते. स्कंदपुराणाचा भाग म्हणून सांगितले जाणारे सह्याद्रिखंड कोकणातल्या वसाहतींची कथा सांगते. जर्सन द कुन्या यांनी त्याची संपादित आवृत्ती १८७७ साली मुंबईत छापली. केरळात हेच काम केरळोत्पत्ती हा ग्रंथ करतो. त्यात परशुराम ब्राह्मणांची ६४ गावे वसवतो.

ही सगळी ठिकाणे नकाशावर मांडून बघा. गोष्ट किनाऱ्याच्या रेषेने उतरते. जिथे जिथे ती थांबते तिथे तिची बांधणी तीच राहते. समुद्र हटतो, रिकामी जमीन वर येते, बाहेरून माणसे आणली जातात, गावे आणि देवस्थाने वाटून दिली जातात. ही बांधणी जमिनीच्या सनदेसारखी आहे. कोणी दिली, कोणाला दिली, चतुःसीमा काय. सागरापासून सह्याद्रीपर्यंत. कथेतून जमिनीच्या जन्माची तारीख मिळत नाही, पण त्या जमिनीवर हक्क सांगणारे गट कोणत्या पट्ट्यात वसले याचा नकाशा मिळतो.

'रिकामी' जमीन

या सनदेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'नवी' हा आहे. जमीन नुकतीच पाण्यातून वर आली असेल तर तिच्यावर आधी कोणीच नव्हते. मग कोणाकडून घेतली, हा प्रश्नच उरत नाही.

पण कोकण रिकामे नव्हते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सड्यांवर कोरलेली शेकडो कातळशिल्पे आता आपल्याला माहीत आहेत. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. आज कोकणात नसलेल्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृतीही या शिल्पांत ओळखल्या गेल्या आहेत. ही शिल्पे इतिहासपूर्व काळातली मानली जातात. ती कोरणाऱ्यांची नावे कोणत्याही पुराणात नाहीत. खाडीतले कोळी, खाजणातले आगरी, डोंगरातले कातकरी आणि ठाकर, भातशेतीतले कुणबी या सगळ्यांचे पूर्वज कधी आले याचा लेखी हिशेब नाही. कथेत ते एक तर नाहीतच, किंवा असले तर दुय्यम भूमिकेत. सह्याद्रिखंडात परशुराम किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ब्राह्मण करतो, अशीही गोष्ट येते. ती अपमान म्हणून सांगितली गेली असेल, पण किनाऱ्यावर आधी कोळी होते एवढी कबुली तिच्यातून निसटून गेली आहे.

रिकाम्या जमिनीची ही युक्ती फक्त आपली नाही. तुमच्यापैकी जे ऑस्ट्रेलियात आहेत त्यांना हे लगेच ओळखता येईल. ब्रिटिश वसाहतीने तो अख्खा खंड 'कोणाचाच नाही' असे गृहीत धरून ताब्यात घेतला, आणि ते गृहीतक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात फेटाळायला १९९२ साल उजाडले. तिथे कायद्याने जे काम केले तेच काम अनेक ठिकाणी कथेने केले आहे. जुन्या लोकांना हाकलून द्यायचे काम कथा करत नाही. ते तिथे होते हे ती फक्त सांगत नाही.

समुद्र खरोखर कोणी हटवला

कोकणात आणि गोव्यात समुद्र हटवून मिळवलेली जमीन प्रत्यक्षात आहे. गोव्यात तिला खाजण म्हणतात, रायगड-रत्नागिरीकडे खारभूमी.

खाडीच्या काठी चिखल, पेंढा, बांबू आणि जांभ्याचे चिरे वापरून बांध घातले. बांधात जागोजागी दारे ठेवली. गोव्यात त्यांना मानस म्हणतात, रायगडकडे उघाडी. मानसाची लाकडी झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडते. विजेचा एक थेंब न वापरता दिवसातून दोनदा चालणारे हे यंत्र आहे. आत पावसाच्या पाण्याने मातीतला खार धुऊन निघतो आणि कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात येते. दाराशी जाळे लावून कोळंबी आणि मासे मिळतात. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन असल्याचे सांगितले जाते. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटांतही खाजणाचे उल्लेख आहेत.

हे काम एकदा करून संपत नाही. खेकडे बांध पोखरतात, उधाणात बांध फुटतो, आणि फुटलेला बांध दोन-चार दिवसांत भरला नाही तर खारे पाणी आत शिरून शेत काही वर्षांसाठी वाया जाते. म्हणून गावाने मिळून पाळायचे नियम असत: कोणी किती माणसे द्यायची, दाराचे उत्पन्न कोणाला, फुटीची बातमी कोणी द्यायची. गोव्यात ही व्यवस्था गावकरी पाहत असे. विसाव्या शतकात शेतीचे कायदे बदलले, तरुण शहरात आणि बोटीवर गेले, आखातात गेले, मच्छीमारीचे पैसे भातापेक्षा जास्त मिळू लागले, आणि बांधांची निगा ढिली पडली. आज कितीतरी खाजणांत भाताच्या जागी खारफुटी उभी आहे.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. किनारा बाणाने मिळाला असेल तर त्याची देखभाल कोणी करायची गरज नाही. वरदान म्हणून मिळालेली वस्तू आपली आपण टिकते अशी आपली समजूत असते. किनारा बांधाने मिळाला असेल तर तो दर वर्षी पुन्हा मिळवावा लागतो. जगभर समुद्राची पातळी वाढत असताना कोकण किनाऱ्यावरच्या माणसांना यातली कोणती गोष्ट माहीत असायला हवी? जी कथा श्रम लपवते ती श्रमाची गरजही लपवते. बाणाची गोष्ट सांगणारा निरोप हजारदा पुढे जातो, आणि झडप बसवणाऱ्या सुताराचे नाव कोणाला ठाऊक नसते.

पण काही कथांत भूगर्भ असतोच ना?

असतो, आणि ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या वाचकांनी ओरेगनमधले क्रेटर लेक पाहिले असेल. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तिथल्या मझामा पर्वताचा महास्फोट झाला, माथा आत कोसळला आणि त्या खड्ड्यात पाणी साचून जवळपास ५९४ मीटर खोल तळे बनले. तिथल्या क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा देव लाओ आणि वरच्या जगाचा देव स्केल यांचे युद्ध होते. आग आणि दगडांचा वर्षाव होतो, पर्वत कोसळतो, खड्डा पाण्याने भरतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी नंतर जो घटनाक्रम लावला त्याच्याशी तो जुळतो. आणि स्फोट झाला तेव्हा त्या भागात माणसे होती याचा स्वतंत्र पुरावाही आहे. १९३८ साली फोर्ट रॉकच्या गुहेत झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला मिळाल्या, त्या मझामाच्या राखेच्या थराखाली. अशा कथांच्या अभ्यासाला डोरोथी व्हिटालियानो या भूगर्भशास्त्रज्ञ बाईंनी १९६८ साली स्वतंत्र नावही दिले, आपण त्याला भू-मिथकशास्त्र म्हणू.

मग क्लॅमथांची कथा मानायची आणि कोकणची नाही, हा दुजाभाव झाला का? नाही. दोघींना एकच कसोटी लावली आहे. ओरेगनमध्ये घटनेचा क्रम जुळतो, दिशा जुळते, तेव्हा तिथे माणसे असल्याचा पुरावा कथेच्या बाहेरून मिळतो, आणि तेच लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहिले. कोकणात समुद्राची दिशाच उलटी आहे, आणि कथा किनाऱ्याने प्रवास करताना स्पष्ट दिसते. एक कथा जागेला चिकटून आहे, दुसरी माणसांबरोबर चालते आहे. चालणारी कथा माणसांची हालचाल सांगते, आणि ती माहितीही कमी मोलाची नाही.

खंडोबाच्या दोन बायका

चालणाऱ्या कथांचे याहून सुंदर उदाहरण घाटावर आहे. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन मुख्य बायका तुम्हाला माहीत असतील. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, नेवाशाची. बाणाई धनगराची लेक, मालेगावजवळच्या चंदनपुरीची. बाणाईसाठी खंडोबा वेश बदलून धनगरवाड्यात चाकरी करतो, मेंढ्या राखतो. तिला घेऊन आल्यावर घरात भांडण लागते, आणि जेजुरीच्या डोंगराची वाटणी होते. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी. बाणाईचे देऊळ पायऱ्यांवर अर्ध्या वाटेत.

आता पावसाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटर जायच्या आत, फलटण-माण भागात, तो पाचशेच्या आसपास येतो. या कोरड्या पट्ट्यात पावसाळ्यात मेंढ्या चरतात, कारण घाटाच्या चिखलात त्यांचे खूर कुजतात. पावसाळा सरला, भात कापून झाले, की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात किंवा ओल्या पट्ट्यात जातात. शेतकरी त्यांना धान्य देतात, कारण रात्री शेतात बसवलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत पुढच्या पिकाला मिळते. फिरता धनगर आणि एका जागी बसलेला शेतकरी-व्यापारी या दोन जगण्याच्या पद्धती एकमेकांवाचून चालत नाहीत, आणि एकमेकांशी भांडल्यावाचूनही राहत नाहीत.

म्हाळसा आणि बाणाईचे भांडण हेच आहे. एक घरची, पेठेची, मानाची. दुसरी रानातली, आवडती, पण पायऱ्यांवर खाली. काही परंपरांत खंडोबाला शिंप्याची आणि माळ्याचीही बायको आहे, म्हणजे बाजारात भेटणारा प्रत्येक समाज देवाच्या घरात नात्याने आला. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याचा मोठा भाग धनगरांबरोबर, त्यांच्या ओव्या ऐकण्यात घालवला आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या कथांतून मेंढपाळांच्या वाटा आणि वस्त्या कशा वाचता येतात हे दाखवले.

त्याच्या आधी हे काम एका गणितज्ञाने सुरू केले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र आजही त्यांच्या नावाने शिकवले जाते. हा माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत असे आणि गावाबाहेर, तिठ्यावर, डोंगराच्या उतारावर बसलेल्या शेंदूर फासलेल्या देवींची नोंद करत असे. त्यांना प्रश्न पडला की देवी गावात का नाही, गावापासून दूर का? त्या ठिकाणांच्या आसपास त्यांना गारगोटीची बारीक दगडी हत्यारे सापडली. १९६२ सालच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या पुस्तकात त्यांनी मांडले की अशा कित्येक जागा नांगराच्या शेतीआधीच्या वाटांवर आहेत. गाव नंतर वसले, देवी वाटेवरच राहिली. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आज टिकेलच असे नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे: कथा ऐका, मग पायी जा, आणि जमिनीवर काय सापडते ते पाहा.

गंगा तलावाखालची वाट

हे सगळे फार जुन्या काळाचे आहे असे वाटत असेल तर मॉरिशसला चला. तिथे कथा आणि जागा यांची गाठ अगदी अलीकडे, तारखेसह पडलेली आहे.

बेटाच्या मधल्या उंच भागात विवराच्या खळग्यात एक तळे आहे. फ्रेंचांनी त्याला ग्राँ बासँ म्हटले, मजुरांनी परी तलाव. उसाच्या मळ्यांवर कराराने आलेल्या भारतीयांच्या वस्तीत १८९८ साली इथली यात्रा सुरू झाली. १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात ओतले आणि नाव झाले गंगा तलाव. आज महाशिवरात्रीला लाखो लोक कावड घेऊन तिथे चालत जातात. रत्नागिरीच्या बाजूने गेलेल्या मराठी मजुरांचे वंशजही या बेटावर आहेत, आणि गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. तळ्याचे पाणी जमिनीखालून गंगेशी जोडलेले आहे, असे भाविक सांगतात.

भूजलशास्त्राला असा जोड माहीत नाही. पण मानवी भूगोलाला ही कथा लख्ख दिसते. परतीचे जहाज बहुतेकांच्या नशिबी नव्हते. ज्या जमिनीवर राबायचे आणि मरायचे ती परकीच राहिली तर जगणे कठीण. गंगा इथवर येते, हे म्हणणे म्हणजे आता आम्ही इथले, हे म्हणणे. परशुरामाच्या कथेत हक्क सनदेसारखा बोलतो, इथे तो मजुराच्या तोंडून बोलतो. साधन एकच, ते वापरणारा हात वेगळा. म्हणून कथेची निंदा किंवा स्तुती करण्याआधी ती कोण सांगतो हे विचारावे लागते.

आणि गंमत अशी, की या बेटाला भारताशी जोडणारी जमिनीखालची एक वाट खरोखर आहे, फक्त ती गंगेची नाही. सर्वांत जास्त मान्यता असलेल्या सिद्धान्तानुसार, ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा लाव्हा ओतला गेला तोच भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेल्यावर मागे समुद्रात बेटांची रांग उठवत राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांचा पाया, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आज शेजारच्या रियुनियन बेटावरचा जिवंत ज्वालामुखी. रत्नागिरीचा मजूर ज्या काळ्या दगडावरून निघाला, त्याच दगडाच्या धाकट्या भावंडावर उतरला. ही गोष्ट कोणत्याही पुराणात नाही, पण मुलांना सांगायला ती कमी रोमांचक आहे का?

मग मुलांना काय सांगायचे?

परदेशातल्या मराठी शाळांत आपण रविवारी मुलांना या कथा शिकवतो. घरी आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर सांगतात. मुले इथल्या शाळेत भूपट्ट आणि हिमयुग शिकून आलेली असतात. "आजोबा म्हणतात बाण मारला, टीचर म्हणते लाव्हा, खरे कोणते?" या प्रश्नावर आपण एक तर आजोबांना खोटे पाडतो, नाही तर विज्ञानाला. दोन्हीची गरज नाही. कथा पूर्ण, रंगवून सांगावी. आणि मग तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: ही गोष्ट कुठे कुठे सांगतात? नकाशावर ठिपके काढ. ठिपक्यांतून माणसांची वाट दिसते.

दुसरा: गोष्टीत जमीन कोणाला मिळाली, आणि कोणाचे नावच नाही? कातळशिल्पे कोरणारा, बांध घालणारा, मेंढ्या राखणारा यांना शोध.

तिसरा: गोष्टीच्या बाहेर, खडकात किंवा मातीत, काय सापडते? ते गोष्टीच्या बाजूने आहे की उलट?

दहा वर्षांचे मूल हे प्रश्न हाताळू शकते, आणि यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट, "विज्ञानाने सिद्ध केले" असा खोटा शिक्का मारून आपण कथेचेच नुकसान करतो. मूल मोठे झाल्यावर तो शिक्का खरवडून पाहते, आणि शिक्क्याबरोबर कथाही फेकून देते. तिच्यात साठलेली माणसांची सगळी माहिती मग वाया जाते.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामदेवतेच्या देवळात नारळ फोडून झाल्यावर थोडे थांबा. देवी गावाच्या कोणत्या बाजूला आहे, तिची पालखी कोणत्या वाटेने आणि कोणाच्या दारावरून जाते, मान कोणाचा आणि कोणाचा नाही, हे विचारा. गाव खाडीकाठचे असेल तर बांधापर्यंत चालत जा आणि उघाडीची झडप कोण दुरुस्त करते ते विचारून घ्या. त्याचे नाव मुलांना सांगा. परशुरामाचे नाव त्यांना आधीच माहीत आहे.